सोयाबीनचे युरिएज सिलिकॉनमध्ये बसवायचे आहे, चकती कामच करत नाही

दूधकेंद्र_दारव्हा

नमस्कार मंडळी. दुधातल्या युरियाची साधी चाचणी इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. ५ मिली दूध, त्यात अर्धा चमचा कच्च्या सोयाबीनचे किंवा तुरीचे पीठ, हलवून ५ मिनिटे थांबायचे, मग लाल लिटमस अर्धा मिनिट बुडवायचा. निळा झाला की युरिया, कारण पिठातले युरिएज हे एन्झाइम युरिया फोडून अमोनिया करते. अडचण अशी की संकलनाच्या वेळी रांग असते, पिठाच्या गुठळ्या होतात, नळ्या धुवायला वेळ जातो आणि दर वेळचे पीठ सारख्या ताकदीचे नसते. म्हणून पीठ सिलिकॉनमध्ये बसवून त्याची चकती करायची, नमुन्यात टाकायची, धुवायची, परत वापरायची, असा विचार आहे.

आतापर्यंत १० ग्रॅम सिलिकॉनला २ ग्रॅम पीठ या प्रमाणात तीन प्रकार करून पाहिले. चकती २० मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची.

१) हार्डवेअरच्या दुकानातले बंदुकीने मारायचे पारदर्शक सिलिकॉन. चकती छान झाली, रंग अजिबात बदलत नाही.
२) साचे करायचे दोन भागांचे सिलिकॉन, ३ टक्के हार्डनरवाले. दोन तासांनी लिटमसवर पुसट निळी छटा.
३) १०:१ चे प्लॅटिनमवाले. पिठाच्या कणांभोवती चिकट राहते आणि आत बुडबुडे.

एन्झाइम मरते आहे की आणखी काही? पीठ वाढवू का? आणि धुवायला बोअरचे पाणी चालेल का?

किण्वन_अकोला

दादा, पीठ वाढवू नका, आधी चकती ब्लेडने मधोमध कापा. ७० मिलिग्रॅम युरिया १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, फिनॉल रेडचे काही थेंब टाका, पाणी पिवळे दिसेल. त्यात कापलेली चकती आडवी ठेवून न हलवता बघत राहा. तांबडा रंग कापलेल्या कडेपासून सुटेल. साच्याला टेकलेला गुळगुळीत भाग बराच वेळ पिवळाच राहील. असे दिसले तर एन्झाइम जिवंत आहे, फक्त त्याच्यापर्यंत युरिया पोचत नाही.

कारण सिलिकॉनच्या स्वभावात आहे. त्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, पाण्याची वाफ सहज जातात. पण युरिया पाण्यात विरघळणारा, पाण्याला धरून राहणारा रेणू आहे, तो कोऱ्या सिलिकॉनमधून जवळपास जातच नाही. चारही बाजूंनी सिलिकॉनने वेढलेला पिठाचा कण म्हणजे कुलूपबंद खोलीतला माणूस: काम करायला तयार, पण त्याच्यापर्यंत माल येत नाही. साच्यात ओतताना वरखाली पिठाशिवायची पातळ साय धरते, म्हणून गुळगुळीत बाजू सगळ्यात निकामी. किती पीठ घातले यापेक्षा किती कण पाण्याला उघडे आहेत हेच मोजायचे.

आता तुमचे तीन प्रकार.

पहिल्यात एन्झाइम खरोखर मेले आहे. ते सिलिकॉन सेट होताना ॲसेटिक ॲसिड सोडते, व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. सामू ५ च्या खाली गेला की युरिएजची घडी मोडते आणि मग धुऊन परत येत नाही. दुसऱ्यात ॲसिड नाही, म्हणून पुसट का होईना रंग आला. पण त्यात टिनचा उत्प्रेरक असतो आणि तो पाझरतो. दुधाला लागणाऱ्या वस्तूत ते नकोच. तिसरा प्रकारच धरून चला. चिकटपणा आणि बुडबुडे दोन्ही काढता येतात.

पीठ असे करा. कच्चे, न भाजलेले सोयाबीन घ्या. ढेप किंवा डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) घेऊ नका. तेल काढल्यावर ती मुद्दाम भाजतात आणि युरिएज संपले की नाही हीच तिची तपासणी असते. म्हणजे डीओसी जितकी चांगली, तितकी तुमच्या कामाला वाईट. मिक्सर १० सेकंद चालवा, थांबा, परत चालवा. भांडे हाताला गरम लागले तर थांबायला उशीर झाला समजा. पीठ वस्त्रगाळ हवे, १०० मेशच्या चाळणीतून म्हणजे सुमारे १५० मायक्रॉनखाली.

सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते. ते सिलिकॉनमध्ये मुरते आणि चकती तेलकट, लिबलिबीत होते. म्हणून ५० ग्रॅम पिठाला २५० मिली ॲसिटोन, भांडे बर्फात ठेवून १५ मिनिटे ढवळा, कापडातून गाळा, असे दोनदा. मग सावलीत पातळ पसरून वास जाईपर्यंत वाळवा. ॲसिटोन घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, वाफ साठून ठिणगीने पेट घेते. काम उघड्यावर, चुलीपासून आणि गॅसपासून लांब. नंतर पीठ सिलिका जेलसोबत बंद बरणीत दोन दिवस. ही पायरी टाळू नका, तुमचे बुडबुडे ओलाव्याचे आहेत. प्लॅटिनमवाल्या हार्डनरमध्ये सिलिकॉनला जोडलेला हायड्रोजन असतो, पाणी भेटले की तो वायू होऊन सुटतो.

मिश्रणाचा क्रम महत्त्वाचा आहे:

पीठ २ ग्रॅम आणि कोरडे ग्लिसरीन ४ ग्रॅम आधी एकत्र घोटा, लापशीसारखे होईल. ते १० ग्रॅम बेसमध्ये घालून १० मिनिटे सारखे ढवळा. शेवटी हार्डनर, १ ऐवजी १.२ ग्रॅम, कारण थोडे ग्लिसरीन त्यातला काही भाग खाते. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा लागेलच.

ग्लिसरीन दोन कामे करते. कणाभोवती कवच होते, त्यामुळे प्रथिनातले गंधक आणि अमाइन प्लॅटिनमला थेट भिडत नाहीत आणि चिकट वलय राहत नाही. दुसरे जास्त मोलाचे. सेट झालेला तुकडा पाण्यात टाकला की पाण्याची वाफ सिलिकॉनमधून आत शिरते, ग्लिसरीनचे थेंब फुगतात, एकमेकांना जोडणाऱ्या बारीक वाटा फुटतात. त्याच वाटांनी पुढे युरिया आत येतो. म्हणून पहिले २४ तास डिस्टिल्ड पाण्यात, पाणी तीनदा बदलून. बॅटरीच्या दुकानातले पाणी चालते. पिवळट अर्धपारदर्शक तुकडा दुधी पांढरा झाला म्हणजे वाटा उघडल्या.

आणि चकतीचा हट्ट सोडा. २ मिमी जाडीचा पत्रा ओता आणि ब्लेडने २ मिमीचे चौकोनी दाणे कापा. तुमच्या एका चकतीचे एकूण पृष्ठ साधारण ७.५ चौरस सेंमी, त्यातली कापलेली कड जेमतेम १.२६. तेवढ्याच मालाचे सुमारे ७८ दाणे होतात, एकूण पृष्ठ १८.८ आणि कापलेल्या बाजू १२.५ चौरस सेंमी. कामाची बाजू दहापट झाली, पीठ एक चिमूटही न वाढवता.

५ मिनिटांत उत्तर मात्र मागू नका. नुसत्या पिठाच्या चाचणीत अर्धा चमचा पीठ पडते, इथे एका चकतीएवढ्या मालात जेमतेम ०.०८ ग्रॅम आहे. नळी ४० अंशांच्या पाण्यात ठेवून अर्धा तास धरून चला.

साचेवाला_वर्धा

एन्झाइमचे वरच्यांनी सांगितले, मी सिलिकॉनपुरते सांगतो.

प्लॅटिनम सिलिकॉन फार नाजूक असते. रबरी हातमोजे, रबरबँड, गंधक असलेली शिल्पाची माती, आधी टिनवाले सिलिकॉन ढवळलेली काडी, थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचा साचा, यातले काहीही लागले तर त्या जागी ते सेटच होत नाही. विनाइलचे मोजे वापरा. भांडी काचेची किंवा प्लास्टिकची, दोन्ही सिलिकॉनसाठी वेगवेगळी. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकच वाटी वापरली असेल तर चिकटपणाचा अर्धा दोष त्या वाटीचा.

पेरणीच्या पिशवीतले सोयाबीन कधीही दळू नका. ते गुलाबी-लाल असते कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुतेक वेळा थायरम. थायरममध्ये गंधक आहे, त्याने प्लॅटिनम निकामी होते. एन्झाइमलाही ते घातक आणि दुधाजवळ न्यायची वस्तू तर नाहीच नाही. घरचे न चोळलेले दाणे घ्या.

ग्लिसरीन सिलिकॉनपेक्षा जड आहे, १.२६ विरुद्ध १.०३ च्या आसपास. मिश्रण पातळ असताना ओतून ठेवले तर थेंब तळाला बसतात आणि पत्र्याची खालची बाजू स्पंजासारखी, वरची कोरी होते. हार्डनर घातल्यावर मधासारखे घट्ट होऊ द्या, काडी उचलली की धार तुटक पडू लागली म्हणजे ओता. यात आपल्याकडचा उन्हाळा आडवा येतो. कंपनीच्या कागदावरची वेळ २५ अंशांची असते. मे महिन्यात खोलीत ४० असताना दीड तासाचा माल त्याहून फार लवकर हातातून जातो. बेस आणि हार्डनर आदल्या रात्री माठाशेजारी गार ठेवा, काम पहाटे उरका, एका वेळी १७ ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. उलट थंडीत ४८ तास द्यायचे. १०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्ध्या तासात होते म्हणून तिकडे नेऊ नका, सिलिकॉन होईल आणि एन्झाइम शिजेल.

हवा काढायला व्हॅक्यूम पंप लागत नाही. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धे मिश्रण भरा, तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढा, बुडबुडे वर येऊन फुटतात. चार-पाच वेळा पुरे.

साचा म्हणून ॲक्रिलिकची पट्टी आणि कडेला २ मिमीच्या चिपा. ओतायच्या आधी पट्टीवर पिठीसाखर पातळ भुरभुरली तर खालची साय धरतच नाही. साखर पाण्यात विरघळून खड्डे राहतात आणि तीही बाजू उघडी होते.

जैवरसायन_अमरावती

माझे मत थोडे वेगळे आहे. सिलिकॉन ज्या कामात तरबेज आहे ते काम त्याला द्या: अमोनिया जाऊ द्यायचा, दूध अडवायचे. युरिएजचे दाणे दुधात टाका, पण रंग दुधात बघू नका. नळीच्या बुचाला पातळ कोऱ्या सिलिकॉनची चकती लावा आणि तिच्या मागे ओली हळदीची पट्टी. वायगावची हळद आपल्याकडेच आहे, स्पिरिटमध्ये भिजवून तिचा अर्क फिल्टर कागदावर चढवा. अमोनिया सिलिकॉनमधून जाऊन पट्टीला लागला की पिवळ्याची तांबूस होते. दुधाचा पांढरेपणा, साय, फेस काही आड येत नाही.

त्यात एक खुबी आहे. दुधाचा सामू ६.६ ते ६.८. या सामूला तयार झालेल्या अमोनियातला हजारी फक्त तीनेक भाग वायू होऊ शकणारा असतो, बाकी अमोनियम म्हणून दुधातच राहतो. म्हणून अर्धा तास एन्झाइमला काम करू द्या, मग दाणे गाळून काढा आणि दुधात धुण्याच्या सोड्याचे चिमूटभर द्रावण टाकून लगेच बूच लावा. सोडा आधी टाकलात तर युरिएज थांबते. दाणे आत असताना टाकलात तर दाणे खराब होतात.

आता खरी काळजीची गोष्ट. युरिया चांगल्या दुधातही असतो, १०० मिलीत १८ ते ४० मिलिग्रॅम, चाऱ्यातले प्रथिन वाढले की वरच्या टोकाला. मर्यादा ७० मिलिग्रॅमची आहे. हिशेब मांडा: ३० मिलिग्रॅम युरिया पूर्ण फुटला तर लिटरमागे १० मिलिमोल अमोनिया, ७० चा फुटला तर २३. दोन्हींत अमोनिया आहेच. जास्त वेळ थांबलात तर निर्मळ दूधही रंग दाखवते. म्हणून वेळ मनाने ठरवू नका. रोज दोन नळ्या सोबत लावा: एक खात्रीच्या दुधाची, दुसरी त्याच दुधात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम युरिया घातलेली. दुसरी रंगली आणि पहिली नाही, ती वेळ त्या दिवसाची. यासाठी प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया घ्या. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, ते तेल सिलिकॉन शोषून घेते आणि वाटा बुजतात.

फसवणारे प्रकार ओळखून ठेवा. दुधात सोडा घातला असेल तर लिटमस दाणे न टाकताच निळा होतो, म्हणून प्रत्येक नमुना आधी दाण्यांशिवाय तपासा. स्तनदाहाच्या दुधाचा सामूही चढलेला असतो. आंबायला लागलेले दूध उलटे फसवते, तयार झालेला अमोनिया त्यातले आम्ल गिळते. सगळ्यात वाईट फॉर्मेलिन. ते प्रथिनाला आवळून टाकते, म्हणजे त्या नमुन्यात युरिया असूनही दिसत नाही आणि दाणेही कायमचे जातात. एखाद्या नमुन्यानंतर युरिया घातलेली नळी रंगेनाशी झाली तर त्या आधीच्या नमुन्यावर फॉर्मेलिनची शंका घ्या.

आणि या दाण्यांच्या भरवशावर कोणाचे दूध परत पाठवू नका. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत डीएमएबी चाचणीला (युरियाची रासायनिक रंगचाचणी) द्या. गरीब माणसाची दोन लिटर दुधाची कमाई आपल्या अर्धवट वाळलेल्या पिठावर ठरू नये. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, कॅनमध्ये परत ओतायचा नाही.

दूधकेंद्र_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लिसरीनच्या क्रमाने चिकटपणा गेला, दाण्यांनी रंग २५ मिनिटांत दिला. दोन गोष्टी अडल्या. दाणे भिजवलेल्या पाण्यात नुसता युरिया टाकला तरी पाणी तांबडे होते, म्हणजे एन्झाइम बाहेर येते आहे? आणि आठ-दहा चाचण्यांनंतर दाण्यांवर पांढरा खरखरीत थर येतो, वेग निम्मा होतो. धुवायला बोअरचेच पाणी वापरले आहे.

किण्वन_अकोला

हो, बाहेर येते आहे. युरिएज पाण्यात विरघळणारे प्रथिन आहे, कापलेल्या तोंडावरचे पहिल्या धुण्यात निघून जाते. तीन धुण्यांनंतरचे पाणी तपासा. ते पिवळे राहिले तर काळजी नाही, उरले ते अडकलेले. तरीही तांबडे होत असेल तर पीठ फार बारीक झाले आहे. वस्त्रगाळच्या पुढे जाऊन खलात धूळ करू नका. पेशींचे तुकडे शाबूत असले की एन्झाइम त्यांच्या आत धरून राहते. काही जण एन्झाइम ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने बांधून ठेवतात. त्याची वाफ डोळ्यांना-श्वासाला वाईट आणि मात्रा चुकली तर तेच एन्झाइम मारते. संकलन केंद्रावर तो उद्योग नको.

पांढरा थर बोअरच्या पाण्याचाच. कठीण पाण्यात कॅल्शियम असते. दाण्याच्या तोंडाशी युरिया फुटून कार्बोनेट तयार होते आणि सामू चढतो, तिथेच चुन्याचा थर बसतो. म्हणजे दाणा स्वतःच स्वतःचे तोंड लिंपतो. लिंबू किंवा व्हिनेगरने काढायला जाऊ नका, थरासोबत एन्झाइमही जाईल. सामू ७ ला आणलेल्या ईडीटीएच्या (कॅल्शियम धरून विरघळवणारे रसायन) हलक्या द्रावणात १५ मिनिटे ठेवा, मग डिस्टिल्ड पाणी. पुढे धुणे डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यानेच. थर मऊ आणि चिकट लागला तर तो दुधाचा आहे, तो कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने जातो. साबण नको.

तांब्या-पितळेच्या भांड्यात दाणे ठेवू नका. तांबे, चांदी, पारा हे युरिएजचे शत्रू आहेत. साठवण निम्मे ग्लिसरीन, निम्मे डिस्टिल्ड पाणी आणि त्यात चिमूटभर ईडीटीए, काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. नुसत्या पाण्यात सोयाबीनवर दोन दिवसांत बुरशी धरते. कोरडे ठेवले तर वाटा आकसतात आणि परत २४ तास भिजवावे लागतात.

दाण्यांची ताकद मोजायला टीडीएस मीटर पुरतो. युरियाचे पाणी वीज वाहून नेत नाही, फुटून झालेले अमोनियम आणि कार्बोनेट नेतात. ७० मिलिग्रॅमवाले १०० मिली पाणी, त्यात मोजून १० ग्रॅम दाणे, ४० अंश, दर ५ मिनिटांनी आकडा वहीत. नव्या घाण्याचा पहिल्या १५ मिनिटांतला चढ लिहून ठेवा आणि दर सोमवारी तोच प्रयोग करा.

साचेवाला_वर्धा

चढ निम्म्यावर आला की दाणे फेकायच्या आधी एकदा ताज्या ब्लेडने मधून चिरा. आतले कण अजून न वापरलेले असतात, दोन नवी तोंडे उघडतात. चिरल्यावर परत तीन धुणी, मग दोन नळ्यांची वेळ नव्याने लावा. ब्लेड गंजलेले नको आणि कापताना खाली लाकडी पाट नको, काचेवर कापा.

दूधकेंद्र_दारव्हा

तुरीच्या पिठाने पण असेच होईल का? सोयाबीन संपत आले, तूर घरात आहे.

जैवरसायन_अमरावती

होईल. तुरीतही युरिएज चांगले असते, टरबुजाच्या बियांत आणि कुळथातही. १९२६ मध्ये समनरने एन्झाइमचे पहिले स्फटिक काढले ते अबईच्या जातीतल्या जॅक बीनमधून, युरिएजचेच. तुरीचा फायदा असा की तेल सोयाबीनच्या मानाने नगण्य, ॲसिटोनची एकच फेरी पुरते. पण दालमिलची डाळ घेऊ नका, तिला तेल-पाणी लावून वाळवताना काय तापमान लागले सांगता येत नाही. अख्खी तूर घ्या, टरफल काढा, कारण टरफलातले टॅनिन प्रथिनाला धरते आणि रंगही सोडते. सोयाबीनच्या आणि तुरीच्या पिठाचे सिलिकॉनचे दाणे एका बाटलीत मिसळू नका, दोघांची वेळ वेगळी येईल.

दूधकेंद्र_दारव्हा

ठीक आहे, तुरीचा पत्रा उद्या पहाटे ओततो. टीडीएसचे आकडे इथेच टाकतो.